मास्तर आग्बेको यांचे मॅग्नेशियम

माणसाच्या अंगात रक्त आहे तोवर दाब असणार, आणि दाब आहे तोवर सल्लागार असणार. आमच्या केटा गावात दोन्हींचा सुकाळ आहे.

निवृत्त हेडमास्तर आग्बेको दोत्से यांचा दाब एकशे ऐंशीच्या घरात होता. दवाखान्यातल्या नर्स डेलाने रोजची एक गोळी लावून दिली होती, आणि मास्तर ती तीन वर्षे मुकाट्याने घेत होते. मग एका सकाळी रेडिओवर त्यांनी ऐकले, की ज्यांच्या अंगात मॅग्नेशियम कमी, त्यांचा दाब बहुधा जास्त. (यातला ‘बहुधा’ शेजारच्या कोंबड्याच्या आरवण्यात बुडाला.)

मास्तरांनी गोळी बंद केली, मॅग्नेशियमची बाटली आणली आणि चर्चमागच्या खोलीत अभ्यास मंडळ स्थापन केले. सभासद एकेचाळीस. पाहणीअंती अडतीस जणांना बरे वाटत असल्याचे आढळून आले. उरलेल्या तिघांना आधीपासूनच बरे वाटत होते. सबब त्यांना वगळण्यात आले. प्रत्यक्ष दाब मोजावा हा ठराव, यंत्राबद्दल मतभेद असल्याने, तहकूब झाला.

घरी बायको आफी ही अदेमे नावाची पालेभाजी वाढी.

“पुन्हा पाला?”

“अहो, डेला म्हणते, तुमचं ते मॅग्नेशियम ह्यातच असतं.”

“पानावर मिलिग्रॅम लिहिलेत का?”

“नाहीत. आणि गोळीचं काय?”

“मला काही होतंय का? नाही ना? मग झालं तर!”

गोळी कुटून कालवणात घालावी, असे आफीच्या मनात आले होते. पण चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला फसवले नव्हते.

चौथ्या महिन्याच्या बैठकीत मास्तर उभे राहिले. “दाब म्हणजे निव्वळ...” एवढे म्हणाले आणि त्यांच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या (विराम परिणामकारक होता). मागे बसलेली आफी तेवढी बाके ढकलत धावली.

दवाखान्यात दाब भरला दोनशे वीस. “मास्तर, मॅग्नेशियमला मी कधी नाही म्हटलं?” डेला म्हणाली. “पण गोळी कुणी सोडायला सांगितली हो?”

मास्तरांना उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. आफीला हाक मारायला जातात तर तोंडातून ‘आई’ येते. ती ओ देते.

मंडळाने सहानुभूतीचा ठराव केला व मात्रा दुप्पट केली.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. सगळे हळहळतात, आणि जरा वेळाने आवाज खाली आणून विचारतात, “पण मॅग्नेशियम ते किती मिलिग्रॅमचं घेत होते?” तुम्ही निदान तेवढा जरा वेळ तरी थांबलात, याबद्दल आभार.