फट नको

नाशिकला आमच्या सिडकोतल्या गल्लीत मधुअण्णा शेवाळ्यांची ओळख करून द्यायची तर एवढंच पुरे, की गाडीच्या खिडक्या झाकल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. एक-दोन नाही, नऊ खिडक्या. जुनी मॅटाडोर, आणि प्रत्येक काचेच्या मापाचा पुठ्ठा त्यांनी स्वतः कापलेला. बाहेरच्या बाजूनं काळं कापड, आतून परकराचं फुलाफुलांचं, कडेला रबराची पट्टी आणि कोपऱ्यात खडूनं नंबर. चारचा पुठ्ठा सातला लावून बघितला, तर अण्णा असे बघत जणू मी त्यांच्या डाव्या पायात उजवा बूट घालतोय.

सगळे पुठ्ठे लागले की ते आतून ओरडून विचारत, "बोटं किती?"

मी बाहेर उभा. त्यांनी आत हात वर केलेला असणार, मला तो दिसता कामा नये.

"दिसत नाहीत."

"नीट बघ. फट नको."

मी नऊच्या नऊ खिडक्यांना डोळा लावून फिरायचा, वैतागायचा आणि दिसत नाही म्हणून सांगायचा. मग आत एकदम शांत. बाजारात जाणारी माणसं मला बघून हसत, कारण झाकलेल्या गाडीत डोकावणारा माणूस त्यांना मीच एकटा दिसायचा.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. अण्णा नामपूरच्या आठवडे बाजारात परकर, गाऊन, ब्लाऊजपीस विकत. बायको शकूकाकू इतकी वर्षं सोबत असायची. ती गेली त्याच वर्षी त्यांनी मला विचारलं, येतोस का गाडीत, तुझीही कटलरी विकली जाईल. कटलरी म्हणजे माझ्या पिना, टिकल्या, रबरबँड. मी तयारच होतो.

पहाटे नाशिक सोडायचं, साडेआठला नामपूर. अण्णा गठ्ठे बाजारातल्या आपल्या जागेवर उतरवत, मला त्यांच्यावर राखणीला बसवत आणि दहापर्यंत झोपत. बाजार भरला की मी माझ्या रांगेत जाई, त्यांच्यापासून बरीच लांब. त्यांचं गिऱ्हाइकांशी काय बोलणं होतं, ते मला कळायला मार्ग नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी ज्या मूर्खपणात सापडलो, त्यात माझी तेवढीच बाजू आहे.

एवढं झाकून करतात काय, याचे मी बरेच तर्क लढवले होते. दातांची कवळी असेल. डोक्यावर टोप असेल. एका बाजाराला चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, तर मी ऐटीत म्हणालो, "काय लपवलंय देव जाणे, गाडी झाकली की मलासुद्धा आत येऊ देत नाहीत." सगळे हसले. मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली. कुणाचं पोर गेलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण टोळीकडे झाकलेली गाडी आहे, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला मी गठ्ठ्यांवर बसून बिड्या मोजल्यासारखी पिनांची पाकिटं लावत होतो, तेवढ्यात गाडीभोवती दहा-बारा माणसं जमलेली दिसली. पाच मिनिटांत तीस झाली. मी धावलो. एका धिप्पाड तरुणानं बॉनेटवर थाप मारून अहिराणीत विचारलं.

"मजार काय शे? काचा कसाले झाकेल शेत?"

मी म्हणालो, आत अण्णा आहेत, लांबून गाडी चालवून येतात, झोपलेत, म्हणून काचा झाकल्यात. एवढं सरळ उत्तर कुणालाही पटलं असतं.

"एकटाच शे का?"

"एकटेच."

तेव्हा गर्दीतून मिरच्या विकणारी कांताआजी पुढं आली. अण्णांच्या समोर बसायची ती, खोटं बोलणारी बाई नव्हे.

"एकटा कसा? शकूबाई बी ऱ्हास ना. दर बजारले सांगस तो, ती मजार निजेल शे."

शकूकाकूच्या दहाव्याला मी स्वतः घाटावर हजर होतो. दोन वर्षं हा माणूस इथल्या बायकांना काय सांगत आला होता, ते मला त्या क्षणी कळलं, आणि आपण काय बोलून बसलो तेही.

गर्दीनं माझ्याकडे मोर्चा वळवला. हा म्हणतो एकटा, तो म्हणतो बायको, मग आत आहे कोण? मागून टपरीवालाही बोलला, की हाच गेल्या खेपेला म्हणत होता, काहीतरी लपवलंय म्हणून. काकू गेली असं सांगावं, तर अण्णा खोटे ठरतात. नाही सांगावं, तर मी. त्या तरुणानं एव्हाना दगड उचलला होता. त्याच्याही घरी लहान पोर असावं. मी अण्णांना हाका मारल्या, पण त्या गलक्यात बुडाल्या. त्यांना काही झालं तर ते माझ्या जिभेमुळं, एवढंच डोक्यात होतं.

आतून खरखर झाली. सहा नंबरचा पुठ्ठा निघाला, अर्ध्या उघड्या काचेतून निसटून बाहेर मातीत पडला. मग मागचं दार उघडलं. अण्णा बनियनवर, केस विस्कटलेले, कवळी नाही, टोप नाही.

सगळे आत वाकले. दोन गाद्या शेजारी शेजारी. एक चुरगळलेली. दुसरीवर स्वच्छ चादर, तिची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि भरतकामाची छोटी उशी.

"ही उशी कोणाची?" तरुणानं विचारलं. दगड हातातच होता.

"तिचीच," अण्णा म्हणाले. त्यांनी कांताआजीकडे बघितलं. "शकू नाही आजी. दोन वर्षं झाली. पहिल्या बाजाराला तुम्ही विचारलं कुठंय, तेव्हा सांगवलं नाही. झोपलीय म्हणालो. मग दर बाजाराला तेच म्हणत गेलो."

त्यांनी ती उशी चादरीवर सरळ केली.

"तिला गाडीत झोपायची लाज वाटायची. लोक बघतात म्हणायची. तिच्यासाठी केले हे पुठ्ठे. फट नको, हे तिचंच." एवढं बोलून ते गाडीच्या पायरीवर बसले. "नाशकात सगळ्यांना माहीत आहे. इथं तरी असू दे म्हटलं."

तरुणानं दगड खाली ठेवला, टाकला नाही. लोक एकेक करून पांगले. कांताआजीनं मातीतला पुठ्ठा उचलला, पदरानं पुसला आणि अण्णांच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

परतताना मी टपरीवरच्या बोलण्याची आणि कवळी-टोपाच्या तर्कांचीही कबुली दिली. अण्णांनी गिअर बदलला आणि विचारलं, "कवळी वाटली होय रे तुला?"

मला वाटलं होतं, आता हे पुठ्ठे माळ्यावर जाणार. पण पुढच्या बाजाराला नेहमीच्या चिंचेखाली गाडी थांबली, गठ्ठे उतरले आणि अण्णा एक ते नऊ पुठ्ठे लावून आत गेले. या वेळी त्यांनी बोटं विचारली नाहीत.

गाडीजवळ दोन बाया भाजीची पाटी उतरवत मोठमोठ्यानं बोलत होत्या. कांताआजी मिरच्यांच्या ढिगामागून उठून त्यांच्याकडे गेली.

"हळू बोला वं," ती म्हणाली. "शकूबाई निजेल शे."

त्या बायांनी गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मी गठ्ठ्यांवरून उतरलो आणि कुणी न सांगता, फट राहिली नाही ना, ते नऊच्या नऊ खिडक्यांना बघून आलो.