सवलतीपुरतं नाव

सवलतरावांनी विजेची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणालाच आनंद झाला नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं. या गृहस्थांनी आयुष्यात कुठलीही वस्तू गरज म्हणून घेतली नव्हती; सवलत होती म्हणून घेतली होती. माळ्यावर एकावर एक मोफत मिळालेल्या छत्र्या होत्या. त्यातल्या निम्म्या उघडत नव्हत्या आणि उरलेल्या मिटत नव्हत्या. साबण तर इतका साठला होता, की पुढच्या पिढीनं मन लावून मळायचं ठरवलं असतं तरच तो संपला असता. वह्या छापणाऱ्या कारखान्यात ते खरेदी विभागात होते. तिथंच त्यांना हे नाव पडलं, आणि खरं नाव पगारापुरतं उरलं.

"फुकट मागणं लाजिरवाणं," ते गंभीरपणे सांगत. "पण मिळणारी सवलत सोडणं त्याहून लाजिरवाणं."

गाड्यांच्या दुकानातल्या विक्रेतीबाईंनी त्यांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. गाडी विजेची म्हणून सरकारी अनुदान. जुनी स्कूटर मोडीत दिली तर वर आणखी थोडं. आणि मालक बाई असेल, शिवाय वयानं सत्तरीच्या पुढची असेल, तर कर पूर्ण माफ. हे शेवटचं ऐकून सवलतरावांचे डोळे पाणावले. विक्रेतीबाईंनी मात्र बजावलं, "मालकीण खरोखरची हवी हं. खात्याचा माणूस न सांगता येऊन बघतो. नाव नुसतं कागदावर आहे असं दिसलं, की सगळी सवलत दंडासकट परत. नाही भरली तर गाडी उचलून नेतात."

"छे छे, तसलं आमच्याकडे काही नसतं," सवलतराव म्हणाले.

घरी बायको म्हणाली, "माझ्या नावावर घ्या की."

"तुझं वय कमी पडतं."

बायकोनं हातातली बादली खाली ठेवली. "लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा काहीतरी बरं बोललात," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

आई खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. सवलतराव तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "आई, तुझी एक सही लागेल. गाडी तुझ्या नावावर घेतोय."

"माझ्या?" आईचा हात थांबला. "माझ्या नावावर?"

"हो. कर माफ होतो."

आईनं चष्मा मांडीवर ठेवला. घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं, तो गेल्यावर मुलाच्या नावावर झालं. वीज, पाणी, टेलिफोन, सगळ्यांवर पुरुषांची नावं. "आजवर माझ्या नावावर दवाखान्याची फाईल सोडून काही नव्हतं रे," ती म्हणाली. तिचा आवाज जरा हलला होता. पण सवलतरावांचं लक्ष नव्हतं, ते मनात कर वजा करत होते. हे लक्ष नसणंच त्यांना पुढे भोवलं.

मालकीण जातीनं हजर हवी, म्हणून आईला दुकानात न्यावं लागलं. तिनं ठेवणीतले कपडे काढले, केस नीट विंचरले आणि दुकानात पाऊल टाकताच विक्रेतीबाईंना म्हणाली, "झाकण उघडा. इंजिन बघू."

"आजी, हिला इंजिन नसतं."

"मग पैसे कशाचे घेता?"

विक्रेतीबाईंनी घाईनं माहितीपत्रक पुढे केलं. सवलतरावांनी पांढरा रंग मनात पक्का केला होता. आई मात्र सगळ्या गाड्या ओलांडून थेट कोपऱ्यात गेली. तिथं वांग्याच्या रंगाची एक गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. ही गाडी रंगापायी कोणी घेत नव्हतं. "ही," आई म्हणाली. सवलतराव विरोध करायला तोंड उघडणार, तेवढ्यात विक्रेतीबाई म्हणाल्या, "हिच्यावर रंगाची वेगळी सूट आहे." सवलतरावांनी तोंड मिटलं.

गाडी घरी आली आणि तिची किल्ली आईच्या कमरेच्या पिशवीत गेली.

"आई, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लाव ना. मला सकाळी लागते."

"लागली की माग. किल्ली मालकाकडे असते." मग तिनं चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठं जायचंय? परत कधी येणार?" नववीत सायकल मागताना हेच दोन प्रश्न त्यांना विचारले गेले होते. चाळीस वर्षं नोकरी-संसार करून माणूस पुन्हा नववीत जाईल असं कोणाला वाटतं? पण सवलतराव गेले. खालमानेनं सांगून, किल्ली घेऊन, वेळेत परत येऊ लागले.

पुढचं संकट त्यांनी स्वतःच्या हातानं घडवलं होतं. विजेच्या बिलाचा त्यांना मोठा धसका. घरातल्या प्रत्येक बटणाशेजारी त्यांनी चिठ्ठी डकवली होती, 'खोलीत कोणी नसेल तर बंद करा.' आई हा नियम काटेकोर पाळायची. संध्याकाळी फिरून येताना तिला इमारतीखाली गाडीला वायर लावलेली आणि बटणाचा दिवा लागलेला दिसला. तिनं काचेतून आत डोकावून बघितलं. गाडीत कोणी नव्हतं. तिनं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सवलतराव ऐन गर्दीत पुलाच्या मधोमध थांबले. गाडी थांबली म्हणून तेही थांबले. मागच्या भोंग्यांनी कान किटले. शेवटी वांग्याच्या रंगाची गाडी ट्रकच्या पाठीवर चढवून कारखान्याच्या दारात उतरवण्यात आली, आणि सवलतराव ट्रकचालकाशेजारून उतरले.

साहेब दारातच उभे होते. "अरे वा! गाडीवर ट्रक मोफत होता का?"

घरी येऊन सवलतरावांनी आकांडतांडव केलं. आईनं शांतपणे चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "तूच लिहिलंयस. की तुझ्या चिठ्ठ्या आमच्यापुरत्याच?" बायको भाजी चिरत होती, तिचे खांदे हलायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण गाडीची सगळी खबर मालकाच्या फोनवर जाते, हे सवलतरावांना उशिरा कळलं. गाडी कुठं उभी आहे, किती वेळ उभी आहे, सगळं. एका दुपारी ते बाजारात थांबले आणि त्यांचा फोन वाजला.

"माझी गाडी चपलांच्या दुकानासमोर का उभी आहे?"

"आई, इथं सेल लागलाय, दोन जोडांवर—"

"आहेत ते जोड झिजव आधी. गाडी घरी आण."

त्यांनी गाडी घरी आणली. आणावीच लागली, कारण आईला गुडघ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. तिथं व्यायामाला येणाऱ्या तीन बायकांशी तिची गट्टी जमली होती. सवलतराव त्यांना मनातल्या मनात 'गुडघेमंडळ' म्हणत. व्यायाम झाला की मंडळातल्या एकेकीला घरी सोडायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. वाटेत चौघी मिळून कोणाचा गुडघा किती वाकतो यावर तावातावानं बोलत. एकदा मागून एकजण म्हणाली, "ऐसपैस आहे हो गाडी. मुलाची?"

"नाही," आई म्हणाली. "माझी आहे." लिमलेटची गोळी तोंडात घोळवावी तसे तिनं ते शब्द घोळवले. आरशात तिचा चेहरा दिसत होता. सवलतरावांनी बघितला असता तर पुढचा प्रसंग टळला असता, पण ते समोरच्या दुकानावरची सवलतीची पाटी वाचत होते.

मग तो रविवार आला. गावाबाहेरच्या गोदामात पंख्यांचा सेल होता. सवलतरावांनी किल्ली मागितली. आई म्हणाली, "आज नाही. गुडघेवाल्यांना फिरवायचंय मला." सवलतरावांचं पित्त खवळलं. पण आईपुढे काय बोलणार! ते ओलं फडकं घेऊन खाली गेले आणि राग काढल्यासारखी गाडी पुसायला लागले. अंगात जुना बनियन, पायजमा दुमडून गुडघ्यापर्यंत वर.

एक सडपातळ, शांत गृहस्थ खांद्याला पिशवी लावून गाडीभोवती फिरत होते. "छान रंग आहे," ते म्हणाले. "कोणाची गाडी?"

रंगाची कोणी पहिल्यांदाच स्तुती करत होतं. त्यात आतून संताप धुमसत होता. सवलतराव फडकं बादलीत आपटून म्हणाले, "माझी! दुसऱ्या कोणाची? कागदावर म्हातारीचं नाव आहे, पण ते आपलं सवलतीपुरतं. म्हातारीला काय करायचीय गाडी!"

"असं होय," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. "मी सवलतीच्या तपासणीला आलोय."

सवलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सवलत, दंड, ट्रकवर चढून निघालेली वांगी गाडी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि त्यांनी मान वळवली तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आई उभी होती, ठेवणीतल्या कपड्यांत, कमरेला किल्लीची पिशवी. तिनं सगळं ऐकलं होतं. दंडाची भीती तिथल्या तिथे मागे पडली. 'म्हातारीला काय करायचीय' हे आपलेच शब्द त्यांना आता आपल्याच कानांनी ऐकू आले, आणि त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आजी, ही गाडी तुमची?" तपासनीसांनी विचारलं.

आईनं सवलतरावांकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

"माझी," ती म्हणाली.

"मग हे म्हणतात..."

"तो?" आईनं बनियनपासून पायजम्यापर्यंत नजर फिरवली. "तो ड्रायव्हर आहे. कोणी भेटलं की गाडी स्वतःची सांगायची खोड आहे त्याला. कामाला बरा आहे, म्हणून ठेवलाय."

तपासनीस हसले. "सगळ्या ड्रायव्हरांना असते ती. बरं, किल्ली कोणाकडे असते?"

आईनं कमरेची पिशवी उघडून दाखवली. गाडी कोणासाठी फिरते म्हणताच तिनं फोन पुढे केला. गुडघ्यांचा दवाखाना, गुडघेमंडळाची घरं, पुन्हा दवाखाना, सगळ्या फेऱ्या त्यात होत्या. बाजारात एकदा थांबलेली गाडीही होती. "तेव्हा मी लगेच परत बोलावला याला," आई म्हणाली. सवलतरावांना जे जे म्हणून जाचलं होतं, ते एकेक करून त्यांना वाचवत होतं. त्यांनी बादलीतलं फडकं उचललं आणि नको तेवढं पिळलं.

"इतकी खरी मालकीण क्वचित बघायला मिळते," असं म्हणून तपासनीस निघून गेले.

दोघं उरली. आईनं पिशवीतून किल्ली काढली आणि मुलाच्या ओल्या हातावर ठेवली. "घे. सवलत टिकली तुझी. आता जा पंख्यांना. माझं नाव राहू दे कागदावर, जसं होतं तसं."

किल्ली फुकट मिळाली होती. काही मागावं लागलं नाही, काही सांगावं लागलं नाही, परतीची वेळसुद्धा नाही. फुकट हातात आलेली वस्तू सवलतरावांनी जन्मात कधी परत केली नव्हती. त्यांनी हात पायजम्याला पुसला, किल्ली पुसली आणि आईच्या पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावली.

"गाडी तुझी आहे, आई," ते म्हणाले. "मी वाईट बोललो. खूप वाईट बोललो गं."

आईनं नाक ओढलं, पदराची गरज पडण्याआधी चष्मा पुसला. "मग किल्ली परत कशाला ठेवलीस? गाडी कोण काढणार, मी? त्या तिघी वाट बघतायत." त्यांनी शर्ट घालून येतो म्हटलं. "उशीर होतो. चल तसाच," ती म्हणाली. त्यांनी पुढचं दार उघडलं. आई त्यांना ओलांडून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सवलतरावांनी पुढचं दार लावलं आणि मागचं उघडलं.

फाटकाबाहेर बसथांब्यावर तपासनीस उन्हात उभे होते. आई मागून म्हणाली, "थांबव. त्यांना घे." मालकिणीचा हुकूम होता; सवलतरावांनी गाडी थांबवली. तपासनीस आभार मानत पुढे त्यांच्याशेजारी बसले. बनियनमधल्या ड्रायव्हरकडे त्यांनी आपुलकीनं बघितलं.

"आजी चांगल्या दिसतात," ते हळूच म्हणाले. "पगारबिगार वेळेवर देतात ना?"

"जेवूनखाऊन आहे मी," सवलतराव म्हणाले.

"अरे वा. किती वर्षं आहात यांच्याकडे?"

सवलतरावांनी आरशात बघितलं. या वेळी नीट बघितलं.

"जन्मापासून."

"म्हणजे घरचेच म्हणायचे की!"

"समोर बघून चालव," आई मागून म्हणाली.