रंजिताचा भूकंप

"मी 'सुटली!' म्हटलं का मंगच उड्या मारा. त्याच्या आधी बोट बी हलवू नका," रंजितानं नवऱ्याला, बादलला बजावलं.

"अन् थांबू कवा?" तो माळ्याच्या शिडीवरून म्हणाला.

"मी खोकलली का."

तांड्यातल्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला निघाल्यापासून चौथीचा वर्ग तिच्याच ओसरीत भरत होता. आज मुख्याध्यापक वामनराव घाटंजीहून तिचा पाठ पाहायला येणार होते. आवडला तर शाळा सोडून गेलेल्या बाईंची रिकामी जागा तिची, नाहीतर पुन्हा कापूस वेचणं. पाठ भूकंपाचा. आणि भाव चढेस्तोवर माळ्यावर कोंबलेला कापूस बादल तुडवायला लागला, की खाली भांडी नाचतात हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं.

वामनराव खाटेवर विराजमान झाले. रंजितानं दोन कडक भाकरी कडेला कड लावून ठेवल्या. "पोट्टेहो, जमीन अखंड नाही. तिचे मोठमोठे तुकडे हायेत, अन् ते हळूहळू सरकून राह्यले. एकमेकाले रेटतात, अडकतात, ताण साठत जाते. अन् मंग एक दिवस…" कड मोडली. "सुटली!"

माळा दणाणला. डबे खणखणले, वामनरावांच्या टकलावर कापूस भुरभुरला. शिकवल्याप्रमाणे पोरं डोकी झाकून थेट मैदानात!

रंजिता खोकली. पोरांच्या कल्ल्यात बादलला ऐकूच जाईना. ती आणखी जोरात खोकली. तशा सासूबाई, सुखीबाई, चुलीपासून धावत आल्या.

"कायचा खोकला व हा? पे!" अद्रकाचा काढा तिच्या तोंडाला लागला. आता बोलणंही बंद.

"बाई, हा खरा हाय का?" वामनरावांनी खाट घट्ट धरली.

"नाही सर," काढा गिळत ती म्हणाली, "आमचे हे हायेत."

अखेर सुखीबाईंनी चिमट्यानं माळा ठोकला, तेव्हा कुठे बादल उतरला. चहा आला. वामनराव हसत होते, पण म्हणाले, "पोरायले फसवलं तुमी. जागेचं मले इचार करा लागन. बोलवा त्यायले."

पोरं येईनात. "बाई, तुमीच सांगतलं ना, एक झाला का मांगून आनखी येते!"

तेवढ्यात कपबश्या किणकिणल्या.

"अजी, पुरे करा ना आता!" रंजिता माळ्याकडे पाहून ओरडली.

"दमत नाही बुवा गडी," वामनराव कौतुकानं म्हणाले.

"कोन, मी?" बादलनं विचारलं. तो त्यांच्या शेजारीच बसून बशीत चहा ओतत होता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

जमीन शांत झाली, तेव्हा मैदानात पोरं डोक्यावर हात ठेवून शिस्तीत बसली होती. खाटेखालून वामनरावांचा आवाज आला, "बाई, सोमवारपासून शाळेत या. अन् पोरायले जरा इचारा, मी आता बाहेर निघू का?"