उरलेला मजकूर पान बारावर

आमच्या शेजारच्या पाटीलकाकांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. टीव्हीवरसुद्धा नाही. आणि सात वर्षं ते बेसबॉलच्या इतिहासावर मराठीत पुस्तक लिहीत होते.

मी त्या पुस्तकाची टायपिस्ट. घरी कॉम्प्युटर होता, बी.कॉम.ची परीक्षा संपली होती आणि मला कोणाला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी हळूहळू टाइप करायचे. काकांना ते आवडायचं. "सावकाश चालणारा लूम धागा कमी तोडतो," म्हणायचे.

काका मेकॅनिकल इंजिनियर. निजामपुऱ्यातल्या एका कापड कारखान्यात त्यांनी जन्मभर लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवले, दुरुस्त केले. त्यामुळे बेसबॉलही ते लूमच्याच भाषेत समजावायचे. "हे बघ, आपल्याकडे बिघाड झाला की रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर लिहितात. तिकडे चेंडू सुटला की थेट माणसाच्या नावावर चूक लिहितात. कायमची! आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच परत ड्युटीवर घेतात. आहे की नाही मोठं मन?"

काकूंना हे मोठं मन अजिबात पटायचं नाही. "अमेरिकेत यांच्या वळखीचा एक मानूस न्हाय," चहा ठेवता ठेवता त्या मला ऐकवायच्या. "वडप्याला सख्खी भैन हाय, तिच्याकडं जायला येल न्हाय. तुला तरी दुसरं काय काम न्हाय का गो?"

मी मान खाली घालून बिस्किट खायचे.

या वेडाचं मूळ एका लाकडी खोक्यात होतं. कारखान्यात अमेरिकेहून जुने लूम आले, तेव्हा सुटे भाग हलू नयेत म्हणून खोक्यांत तिथली वर्तमानपत्रं कोंबलेली होती. बाकीच्यांनी ती हात पुसायला घेतली. काका आणि त्यांचा फिटर रहमतभाई यांनी मात्र एकेक कागद हाताने सरळ केला. जेवणाच्या सुट्टीत काका इंग्रजी वाचून हिंदीत सांगायचे आणि रहमतभाई डबा विसरून ऐकायचे. त्या कागदांवरचे तेलाचे डाग मी पाहिले आहेत. पुस्तकाचे सगळे संदर्भ तेवढेच. जिथे कागद फाटलेला, तिथे काका प्रामाणिकपणे लिहायचे : "पुढे काय झालं ते खोक्यात नव्हतं." शेवटच्या प्रकरणापर्यंत हे वाक्य मी अकरा वेळा टाइप केलं.

पुस्तक अडलं होतं ते शेवटच्या प्रकरणावर. फार जुना एक सामना. शेवटचा डाव, शेवटचा फलंदाज, चेंडू हवेत. आणि खाली छापलेलं : उरलेला मजकूर पान बारावर. पान बारा कुठल्याच खोक्यात निघालं नाही. काका म्हणायचे, चेंडू झेलला गेला. रहमतभाई म्हणायचे, "नहीं पाटीलसाब, वो बाहर गया." यावर दोघांनी वर्षानुवर्षं वाद घातला. मग रहमतभाईंचे डोळे अधू झाले आणि ते आझमगडकडच्या आपल्या गावी परत गेले. वाद तसाच राहिला.

मला वाटलं, एवढं तर मी करू शकते. सायबर कॅफेत गेले. त्या कागदावरची दोन्ही संघांच्या शहरांची नावं आणि साल टाकल्यावर दहा मिनिटांत उत्तर मिळालं. प्रिंट काढला. कधी नव्हे ती मी काकांकडे जवळजवळ पळत गेले. आता पुस्तक पूर्ण होणार होतं.

त्या दिवशी ईद होती. लूम बंद, गल्ली इतकी शांत की स्वतःच्या चपलांचा आवाज यावा. दर ईदला रहमतभाईंचा गावाहून फोन यायचा, म्हणून काका इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसले होते. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग मोठ्याने हसले.

"रहमत लेकाचा बरोबर होता," म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "ईद मुबारक" नाही, तब्येत नाही, पहिलाच प्रश्न : "पाटीलसाब, पता चला? कौन जीता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची चार पदरी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

"कहाँ पता चला, रहमत! लेकिन कॅच तो हुआ ही था."

पलीकडून जोरजोरात हरकत आली. काका खुर्चीत मागे रेलले, पाय लांब केले आणि भांडायला लागले. काकू आतून शेजाऱ्यांकडून आलेल्या शीरखुर्म्याची वाटी घेऊन आल्या. मला दिली आणि हळूच म्हणाल्या, "दोन वर्साआधी पुतण्यानंबी आसाच कागुद आनलेला. कपाटात हाय."

अर्ध्या तासाने फोन ठेवून काका माझ्याकडे वळले.

"घे लिहून. शेवटचं वाक्य. पुढे काय झालं ते खोक्यात नव्हतं."

मी घरी येऊन ते बाराव्यांदा टाइप केलं. सावकाश, एकही धागा न तोडता.