नोराआक्कांचा सण

"आज ह्या घरात तिखटाच्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाय. लावला तर माझ्याशी गाठ हाय!" सुलाबाईंनी सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

कारणही तसंच होतं. त्यांचा मुलगा दीपंकर आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात इंजिनियर होता आणि त्याची घरमालकीण नोरा आज त्याच्याबरोबर निपाणीला यायची होती. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात दीपंकर तापानं फणफणला, तेव्हा ह्या म्हातारीनं उशाशी बसून त्याला भरवलं होतं. सुलाबाई इकडं फोन कानाला लावून नुसत्या रडत होत्या. आपलं लेकरू परमुलखात पडलंय आणि कुठली कोण बाई त्याला घास देतेय, हे त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यात नेमका आज नोराच्या मुलखातला मोठा सण होता, सेंट पॅट्रिकचा.

"सणाच्या दिशी ती आपल्या दारात येणार. मग जेवण बी तिच्याच घरचं पायजे," सुलाबाईंनी ठरवलं होतं. दीपंकरनं फोनवर बेत सांगितला. मटणाचा स्ट्यू, कोबी घालून लोण्यात घोटलेला बटाटा आणि ताक-सोड्यात भिजवलेल्या पिठाचा पाव.

"आणि आई, मसाला अजिबात न्हाय. मीठ आणि मिरी, बास."

"मग मटणाला चव कशाची यायची?"

"मटणाची."

सुलाबाईंना हे काही पटलं नाही. पण शब्द दिला होता.

एवढ्यावर भागलं असतं, तर बरं होतं. पण त्यांचे यजमान आण्णाप्पा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. घोषणा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "आमच्यात आयरिश जेवण हाय. बेळगावच्या मोठ्या हाटेलात बी मिळायचं न्हाय," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. त्यामुळं गल्ली बघायला आली. बघायला आलेल्याला जेवल्याशिवाय कसं पाठवायचं? म्हणून मटणाचं आणि बटाट्याचं माप वाढलं. घरात ओव्हन नव्हता, म्हणून पावाचं पीठ मळून मष्णूच्या बेकरीत भाजायला गेलं.

शेजारच्या शालूबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आक्का, मटण असं पांढरंफटक? घरात कोण आजारी हाय काय?"

"सण हाय त्यांचा. तसंच असतंय."

"असलं खाऊन सण करत्यात? अगं बाई!"

तेवढ्यात बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरनं निघालेली टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली आणि सुलाबाई पदर सारखा करत बाहेर धावल्या. त्या दारात होत्या तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात काय काय घडलं, ते पानं वाढल्यावरच कळलं.

नोरा उंच, पांढऱ्या केसांची, हिरवा स्कार्फ घातलेली बाई होती. तिनं दारातच हात जोडले आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "जयभीम!" आण्णाप्पांची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं. सुलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. बोलायला भाषा नव्हती, पण दोघींचेही डोळे भरले.

पंगत बसली. आधी बटाटा आला. तो पोपटासारखा हिरवागार होता.

"दीप्या म्हणला हुता, ह्यांच्या सणाला समदं हिरवं असतंय," आण्णाप्पा अभिमानानं म्हणाले. "म्हणून म्या जिलेबीवाल्याकडनं रंग आणून घातला."

मग मष्णू स्वतः पाव घेऊन आला. त्यात टुटीफ्रुटी चमकत होती. "काकू, पीठ लईच साधं हुतं. साखर घालून जरा नटवलाय. पाव्हणीसमोर बेकरीचं नाव जायला नको."

सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. निदान स्ट्यू तरी धड आहे, असं म्हणत त्यांनी डाव बुडवला आणि वर लालभडक तर्री आली.

थांबवेपर्यंत नोरानं घास घेतला होता. तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. दीपंकरनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आई! चटणी कुणी घातली ह्यात?"

शालूबाई हळूच म्हणाल्या, "म्या चमचाभरच घातली. बिचारी लांबनं आलीया, म्हणलं तोंडाला चव यील."

"एक चमचा माझा बी हाय," आण्णाप्पा ताटात बघत म्हणाले.

मटण आणून देणाऱ्या शामूनं नुसतीच दोन बोटं वर केली.

सुलाबाई तडकल्या. "एवढं बजावलं, तरी? माझ्या शब्दाला काय किंमत?" आणि तोंडातून हे निघताच त्या एकदम थबकल्या. शालूबाईंची पाठ वळल्यावर मीठ बघताना त्यांचा हात सवयीनं कुठं गेला होता, ते त्यांना आठवलं. पहिला चमचा त्यांचाच होता.

त्या उठल्या आणि परसात गेल्या. ज्या बाईनं आपल्या पोराला जगवलं, तिला आपण सणाच्या दिवशी रडवलं. निदान एक पदार्थ तरी नीट जायला हवा होता. त्यांनी पुन्हा पीठ घेतलं, मीठ आणि सोडा घातला, ताकात मळलं. चूल पेटवली, जाड लोखंडी पातेल्यात गोळा ठेवला आणि झाकणावर निखारे घालायला चिमटा उचलला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचा हात धरला. नोरा होती. तिनं कोपऱ्यातली सुरी घेतली, झाकण काढून गोळ्यावर आडवी-उभी फुली मारली, झाकण परत ठेवलं आणि मग चिमटा आपल्याच हातात घेऊन एकेक निखारा झाकणावर असा मांडला, जणू जन्मभर हेच करत आली होती. मधूनच ती थांबून डोळे पुसत होती आणि आता ते तिखटानं नव्हतं.

"तिची आजी अशीच भाजायची म्हणं," मागं आलेला दीपंकर सांगू लागला. "भांड्याच्या झाकणावर निखारे घालून. आजी गेल्यापासनं असला पाव हिनं कुठं बघितला न्हाय."

"आणि ती फुली कशाला?"

"घरातली भुतं बाहेर जावीत म्हणून, असं जुनी माणसं म्हणायची."

"भुतंबितं आम्ही मानत न्हाय, सांग तिला," सुलाबाई ठामपणे म्हणाल्या. "पण चिरल्यावर आतनं भाजतंय चांगलं, तेवढं मानतो."

नोरा हसत सुटली. पाव निघाला तेव्हा तिनं तो उलटा करून बोटांनी ठोकला. आतून नीट भाजल्याचा पोकळ आवाज आला, तशी तिनं सुलाबाईंना घट्ट मिठीच मारली. मग दोघी पंगतीत परतल्या आणि नोरानं तो पाव मोडून सरळ लाल रश्श्यात बुडवून खाल्ला. नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घेतलं.

शालूबाईंनीही एक तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. "आक्का, ह्याला चवच न्हाय की गं."

सुलाबाई नोराच्या शेजारी ताठ बसल्या होत्या.

"सणाचं हाय ते," त्या म्हणाल्या. "गुमान खा."