पंधरा-डीची आई

मोठं विमान जमीन सोडतं ते आतल्या प्रत्येक माणसाला मागून कुणीतरी ‘जाऊन ये’ म्हटलेलं असतं म्हणून. लहान विमानाचं तसं नाही. ते काय, वाऱ्याचं लाडकं, कुणी म्हणो न म्हणो, उडतं. पण तीन-चारशे माणसांचं धूड उचलायचं म्हणजे इंजिनानं धाव द्यावी, पंखानं वारा धरावा आणि जमिनीनं हात सोडावा. तिन्ही लागतात. ज्यांच्या मागे कुणीच नाही, त्यांच्यासाठी विमानतळावर एक पगारी मावशी असते. ती खिडकीत बसून मटार सोलता सोलता ‘जाऊन या, जाऊन या’ म्हणत असते.

लोणंदच्या गजराबाई धायगुडेंना हे ठाऊक होतं. म्हणून तर एकुलत्या एका लेकीला, शीतलला, पोचवायला त्या जातीनं आल्या होत्या. शीतल नर्स. जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी लागली होती. परवा हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

बिनसलं ते विमानतळाच्या दारात. बॅग जड भरली, तेव्हा पोरीनं नव्या बुटांचा जोड आत ठेवला आणि कारळ्याच्या चटणीची पिशवी काढून आईच्या हातात दिली.

“बुटासाठी चटणी काढलीस?”

“अगं, तिकडं बर्फ पडतो आई.”

“पडू दे. जा मग!”

शीतल तणतणत आत गेली.

दुपारी विमान धावपट्टीला लागलं. पंखांच्या मागच्या कडा ओच्यासारख्या खाली सोडल्या, इंजिनं गरजली, विमान सुसाट धावलं, वैमानिकानं नाक उचललं. सगळं रीतीप्रमाणं. पण मागची चाकं काही सुटेनात. काथवटीला पीठ चिकटावं तशी जमीन धरून बसली. शेवटी ब्रेक लावून थांबवावं लागलं.

गजराबाई विमानतळाच्या गॅलरीतून बघत होत्या, तिथं हातात वॉकीटॉकी घेतलेला एक साहेब आला. “पंधरा-डीची आई कोण?”

“मी. का?”

“सगळी जमीन सुटली, पंधरा-डी सीटखालची सुटत नाही. निघताना काय म्हणालात?”

“जा म्हटलं.”

“नुसतं?” साहेबानं कपाळाला हात लावला. “नुसत्या ‘जा’वर उड्डाण होत नाही, बाई. दुरुस्त करा, नाहीतर मुलीला उतरवावं लागेल. बाकीच्यांना खोळंबून कसं चालेल?”

उतरवतील! गजराबाईंच्या मनात लख्ख उजेड पडला. गप्प बसलं की झालं. पोर घरी. पण मग ती जन्मभर शेजारी बसेल आणि जन्मभर बोलायची नाही, हेही त्यांना त्याच उजेडात दिसलं.

“द्या इकडं,” त्या म्हणाल्या. वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “ये गं,” त्या म्हणाल्या.

विमान वळलं. धावपट्टी सोडून, गवत तुडवत सरळ गॅलरीकडं आलं आणि दावं तोडून आलेल्या गाईसारखं काचेला नाक लावून उभं राहिलं.

“नुसतं ‘ये’ नव्हे हो!” साहेब म्हणाला. “आधी ‘जाऊन’ म्हणायचं. त्याशिवाय ते जाईल कसं?”

“तेवढाच शब्द निघत नाही.”

“सगळ्या आयांचं तिथंच अडतं.”

एवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. “आई, बूट पायात घातलेत. बॅगेत जागा झालीय. चटणी दे.”

साहेबानं पिशवी हुंगली, नियमात बसते असं म्हणाला आणि शिडी लावून वर धाडली.

“मिळाली का गं?”

“मिळाली. येते हं, आई.”

“जाऊन,” गजराबाई म्हणाल्या, काचेवर हात टेकला, “ये.”

विमान मागं वळून पुन्हा धावपट्टीला लागलं. या खेपेला चाकं अशी सुटली, जशी पिकलेली चिंच टरफलातून सुटते. विमान वर चढलं.

“लव—”

“अंहं!” साहेबानं हात आडवा केला. “‘लवकर’ म्हणू नका. मागं एका बाईनं म्हटलं, तर विमान नगरवरून माघारी आलं.”

गजराबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला. विमानाचा ठिपका झाला, मग ठिपकाही दिसेना. तेव्हा त्यांनी पदर काढला, साहेबाकडं पाठ केली आणि अगदी हळू म्हणाल्या, “लवकर.”

वर ढगात काहीतरी क्षणभर अडखळल्यासारखं वाजलं. मग पुढं गेलं.