नबीलची चांगली बातमी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा नबील भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं. "अम्मा, कोई अच्छी खबर?" नमस्कार नाही, तब्येतीची विचारपूस नाही. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात धापा टाकत असले तरी हेच. मी म्हणायची, नाही. तो हिरमुसून वर जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

आधी मला वाटलं, माणसाला नसत्या चौकश्यांची खोड आहे. मग कळलं ते असं. नबील पॅलेस्टाइनचा. तिकडे नाबलूस म्हणून त्याचं गाव. त्या गावात कुणाकडे काही चांगलं घडलं की कुनाफा करतात, आपण पेढे वाटतो तसा. तुपात परतलेल्या शेवयांसारख्या बारीक धाग्यांचा थर परातीत पसरायचा, त्यावर चीज घालायचं, मंद आचेवर भाजायचं, मग परात उलटी करून वरून गरम पाक ओतायचा. बातमीशिवाय हा पदार्थ करायचा नाही, आणि एकट्यापुरता तर नाहीच नाही, अशी त्याची समजूत. परात त्याने गावाहून आणलेली. आमच्याकडे लग्नात भाताला काढतात तेवढी. मग एवढी परात भरायला बातमी नको का?

बातमी कसलीही चालायची. समोरच्या अरोराबाईंची पाण्याची मोटर दुरुस्त झाली, कुनाफा. माझी दाढ दुखायची थांबली, कुनाफा. डिसेंबरात इथे धुकं पडतं, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, आज ऊन पडलंय, हीच खबर. संध्याकाळी हा परात घेऊन दारात उभा.

कुनाफा गरमच खायचा, आणि नबीलच्या समोर. डब्यात घालून ठेवते म्हटलेलं त्याला चालत नसे. दारात उभा राहून आपल्या तोंडाकडे बघत राहायचा. माझ्या पहिल्या घासाला तर रबर चावल्यासारखं झालं. मी तसं सांगितलं. माझा स्वभाव गोड बोलण्याचा नाही. त्याने मान हलवली आणि परात घेऊन अरोराबाईंकडे गेला. त्यांनी "वाह जी वाह" केलं. तो गेल्यावर सगळं गाईला घातलं, हेही मी पाहिलं.

मी स्वतः या शहरात नवी होते. मालक वारले, तेव्हा मुलाने फलटणहून इकडे आणलं. मुलगा इथे एका दवाखान्याच्या संस्थेत संशोधन करतो. सून कॉलेजात शिकवते. नात मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते. शहर चंदीगड. इथे गल्लीला नाव नाही, आकडा आहे. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. दिवसभर घरात मी आणि भिंती. वर नबील आणि त्याची परात. तो विद्यापीठात औषधांचा अभ्यास करायला आलेला, चाळिशीचा, पोट सुटलेला. हिंदी शिकला वसतिगृहातल्या पंजाबी पोरांकडून. माझी हिंदी फलटणची. आमचं बोलणं ऐकून सून स्वयंपाकघरात जाऊन हसायची.

त्याची खरी अडचण चीजची होती. तिकडचं चीज खारवलेलं असतं. ते रात्रभर पाण्यात ठेवून मीठ काढतात, आणि भाजलं की हातभर तार सुटते. इथे मिळायचं पनीर. हा डेअरीत जाऊन पनीरचा तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघायचा. चार दुकानदारांनी त्याला हाकलला. आणलेलं पनीर तो दोन दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायचा, ते आंबायचं. मी एकदा विचारलं, यात मीठ नाहीच तर काढतोस काय? त्याने भांड्यातलं पाणी बदललं. मग म्हणाला, "अम्मा, आदत. मेरी माँ भिगोती थी."

वरचा रंग नारिंगी हवा म्हणून हलवायाकडून जिलबीचा रंग आणला. आठवडाभर त्याची बोटं पिवळी. माझ्या मुलाने जिन्यात थांबवून त्याचे डोळे तपासले, कावीळ झाली की काय म्हणून. पाकात संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात, ते मिळेना म्हणून याने केवडा ओतला. सगळ्या जिन्याला लग्नघराचा वास, आणि लग्न कुणाचंच नाही.

मार्चमध्ये मला बघवेना. पाकिटातल्या जाड शेवयांनी तो बिचाऱ्या तुपाची माती करत होता. मी म्हटलं, गच्चीवर चल. पाट लावला, मैदा मळला आणि हाताने शेवया काढल्या. तो काठीवर शेवया वाळत घालायचा. निम्म्या तोडल्या. मी ओरडले, "हलके हात से. दोरी नहीं है वो." तरी पुन्हा तोडल्याच. पण खुशीत होता. नवीन निघालेल्या पिझ्झ्याच्या दुकानात पांढरं, तार सुटणारं चीज असतं असा त्याला शोध लागला होता. ते थोडं, पनीर थोडं, असं तो ठरवत होता.

तिथेच, उन्हात, त्याने सगळं सांगितलं. बायको हुदा आणि मुलगी लीना नाबलूसला. मुलगी दोन वर्षांची असताना हा निघाला, आता ती सात वर्षांची. तिकडे कधी रस्ते बंद, कधी शाळा बंद. इकडे दोघींना आणायचं, जुलैत मुलीला शाळेत घालायचं. शाळेत जागा बोलून ठेवली होती. वर एक छोटी खाटही येऊन पडली होती. दर शुक्रवारी दुपारी तो मार्केटातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचा, आणि हुदा दर शुक्रवारी एकच विचारायची, तिथे आपलं कोण आहे?

मी म्हणाले, "बरोबर पूछती है. कोई नहीं है."

त्याने तुटलेल्या शेवया गोळा केल्या.

एप्रिल, मे गेले. कुनाफा सुधारत गेला. दोघींचे कागद होत आले असं तो सांगायचा. जूनमध्ये दोन आठवडे त्याने मला बातमी विचारली नाही. जिन्यात भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात परात. त्याने सुरीने तुकडा उचलला आणि चीजची तार परातीपासून त्याच्या खांद्यापर्यंत आली. शेवया कुरकुरीत, पाक बेताचा, केवडा नाही. मी दोनदा घेतला. आयुष्यात मी कुठलाही गोड पदार्थ दोनदा मागून खाल्लेला नाही. अरोराबाईंनीही या वेळी खराच खाल्ला.

"खबर क्या है?" मी विचारलं.

"लीना को स्कूल में सीट मिल गई," तो म्हणाला. "अच्छा स्कूल है."

"कब आ रही है?"

"अम्मान में, अम्मा. जॉर्डन में. हुदा का भाई वहाँ है. अपने लोग हैं."

बातमी चांगली होती, म्हणून त्याने कुनाफा केला होता. सगळ्या मजल्यांवर फिरला, प्रत्येकाला गरम खाऊ घातला, प्रत्येकाला सांगितलं, मुलीला शाळेत जागा मिळाली. लोकांनी "बधाई हो जी" म्हटलं. परात रिकामी झाल्यावर वर गेला. त्याने स्वतः तुकडा तोंडात घातलेला मी पाहिला नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बूथपर्यंत चला म्हणाला, लीनाशी दोन शब्द बोला. मी म्हटलं, कुठल्या भाषेत? तर म्हणाला, हिंदीत. दीड वर्ष फोनवर तो तिला हिंदी शिकवत होता, इथल्या शाळेसाठी. आता त्या हिंदीचं ती अम्मानमध्ये काय करणार, हे मी विचारलं नाही. चपला घातल्या.

बूथच्या काचेच्या खोक्यात एकच माणूस मावतो. त्याने नंबर लावला, आपल्या भाषेत काही बोलला, मला आत घातलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. तिकडून बारीक आवाज आला. बोलणं थेट नबीलचंच, पंजाबी वळणाचं.

"अम्मा जी, नमस्ते जी. पापा बोलते हैं कुनाफा आप बनाते हो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पापा बोलते हैं आप उनको घर में बिठाते हो. सब लोग साथ में खाते हो. सच है ना जी?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. नबील पाठ करून रस्त्याकडे बघत होता. दोन वर्षांत तो परात घेऊन कितीदा तरी माझ्या दारात उभा राहिला होता. ये, बस, असं मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. त्याने तसं सांगितलं होतं, नाबलूसला, दर शुक्रवारी. आपलं कोण आहे, त्याचं हे उत्तर. हुदाला ते पटलं नाही. मुलीला पटलं होतं.

"हो," मी म्हणाले. "बाजूला बसवून खायला घालते."

मराठीतच बोलून गेले. पोरीला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "सच है ना जी?"

"हाँ बेटा, सच है," मी म्हणाले, काचेवर टकटक केली आणि फोन त्याच्या हातात दिला. तो बोलत होता तेवढा वेळ मी बाहेर उन्हात उभी राहिले.